डबक्याची पावलं

मी एक जुनी शेकायची पिशवी आहे. रबराची, विटकरी रंगाची, अंगावर उभ्या रेघा असलेली. तोंडाशी काळं बूच आहे. बुचाला एक साखळी होती, ती कधीच तुटून गेली. तुम्ही म्हणाल, शेकायच्या पिशवीच्या आयुष्यात घडून घडून घडणार काय? आज कंबर, उद्या गुडघा, परवा पोट. मित्रांनो, सुरुवातीला मलाही तसंच वाटत होतं. पण तुमच्यापैकी कितीतरी जणांनी माझा आवाज ऐकलेला आहे, आणि तो ऐकून पोट धरधरून हसलाही आहात. माझं नाव मात्र कुणाच्या कानी नाही. म्हणून आज थोडी फुशारकी मारून घेते, तेवढी गोड मानून घ्या.

माझा जन्म एका कारखान्यातला. तापलेल्या लोखंडी साच्यातून मला बाहेर काढलं, माझ्यात हवा भरली आणि पाण्याच्या टाकीत बुडवून धरलं. बुडबुडा आला असता तर माझी रवानगी भंगारात झाली असती. तो आला नाही, आणि मी खोक्यात बसून औषधाच्या दुकानात पोचले. तिथे खोकल्याच्या बाटल्या आणि कापसाची बंडलं यांच्या शेजारी बरेच दिवस अंग चोरून काढले. शेवटी एक आजोबा कंबरेवर हात ठेवून, तोंड वाकडं करत आले आणि मला घेऊन गेले.

आजोबा घड्याळं दुरुस्त करायचे. जन्मभर डोळ्याला भिंग लावून वाकून बसल्यामुळे नजर शाबूत राहिली, पण कंबर गेली. ते आपल्या मुलीकडे राहत. मुलगी, तिची पाच वर्षांची लेक आणि आजोबा, अशी तीनच माणसं घरात. लेकीचं खरं नाव मोठं भारदस्त होतं म्हणे, पण अंगाने इतकीशी होती, की सगळे तिला टिकली म्हणत. पुढे ती आईपेक्षा उंच झाली तरी टिकलीच राहिली. तिची आई म्हणजे आजोबांची मुलगी. तिलाही मी आईच म्हणणार आहे. घरात दिवसभर तीच हाक कानावर पडायची, त्यामुळे मला दुसरं काही सुचत नाही.

आईचं काम जगावेगळं होतं. ती चित्रपटांना आवाज द्यायची. बोलण्याचा नव्हे हं. उठण्याचा, बसण्याचा, दार लागण्याचा, कपडे सळसळण्याचा, चालण्याचा. कार्टूनच्या चित्रपटात तर सगळंच रंगवलेलं. त्यातल्या माणसाला पाय असतात, पण पाय वाजत नाहीत. ते आईसारख्या कुणीतरी वाजवावे लागतात. तिच्या स्टुडिओत एक बंद खोली होती. भिंतींना जाड गाद्या, समोर मोठा पडदा, जमिनीवर वाळूचा एक चौकोन, खडीचा एक, लाकडी फळ्यांचा एक. कोपऱ्यात फाटक्या बुटांचा ढीग आणि कुठेही न जाणारं एक दार, नुसतं उघडायला आणि लावायला. काचेपलीकडे रेकॉर्डिंगवाले काका कानाला हेडफोन लावून बसत. पडद्यावर चित्र चालायचं आणि त्याच्या पावलाला पाऊल मिळवून आई आवाज काढायची. त्या वेळी खोलीत श्वाससुद्धा जपून घ्यायचा. एकदा ऐन शांत प्रसंगात आईचं पोट गुरगुरलं आणि अख्खा प्रसंग पुन्हा करावा लागला. तेव्हापासून काका खोलीत शिरण्याआधी तिच्या हातात केळं ठेवत आणि ते संपेपर्यंत समोरून हलत नसत.

घरीही तिचा कान जागाच असायचा. भांडं पडलं की दुसऱ्या घरात विचारतात, "काय फुटलं?" आमच्या घरात आई म्हणायची, "पुन्हा पाड बरं!"

तर झालं असं, की एका दिग्दर्शकाने डबक्या नावाचा प्राणी काढला. तुम्हाला डबक्याची ओळख मी काय करून देणार! गोल गरगरीत, शेवाळी रंगाचा, पळीसारख्या पसरट पायांचा. त्याचं डबकं कुणीतरी बुजवून टाकतं आणि तो बिचारा पाणी शोधत निघतो. वाटेत त्याला छत्री घेतलेली एक मुलगी, छत्रीवाली, भेटते आणि मग दोघं मिळून हिंडतात. डबक्याला तोंडच नाही. चित्रकार पहिल्या कागदावर तोंड काढायला विसरला होता, आणि नंतर सगळ्यांना तसाच आवडला. पण मग पंचाईत झाली. तोंड नाही म्हणजे बोलणं नाही, हसणं नाही, रडणं नाही. जे काय सांगायचं ते पावलांनी. "त्याची पावलं म्हणजेच तो," असं दिग्दर्शकाने आईला सांगितलं आणि आई ती पावलं शोधायला लागली.

किती वस्तू आपटल्या तिने! ओले टॉवेल, स्पंज, मळलेलं पीठ, अर्धा भोपळा, पाण्यात भिजवलेले बूट. स्वयंपाकघराची फरशी आठवडाभर ओली होती. दिग्दर्शक ऐकायचा आणि मान हलवायचा, "हे ओलं आहे, पण हे कुणीतरी नाहीये." आई हात टेकायच्या बेतात आली होती.

मी मात्र या सगळ्या गडबडीपासून लांब, आजोबांच्या खोलीत सुखात होते. एका दुपारी आजोबा पालथे पडून शेक घेत होते. टिकलीला त्यांच्या पाठीवरून चालायची फार हौस. ती चढली, तोल गेला, आणि एक पाय पडला थेट माझ्यावर. मी ओरडले, "फसक्!" दुसरा पाय पडला. "फुसुक्!" आजोबाही ओरडले, पण त्यांच्याकडे लक्ष द्यायला कुणाला वेळ होता! आई स्वयंपाकघरातून धावत आली, पिठाचे हात तसेच. आजोबांना वाटलं, लेक आपल्या काळजीने आली.

"काही लागलं नाही गं मला," ते म्हणाले.

"बाबा, हलू नका," आई म्हणाली. "टिकले, पुन्हा चाल."

त्या दिवशी आजोबांची कंबर आणखी धरली आणि माझं नशीब उघडलं.

आजोबांसाठी दुसरी पिशवी आली. निळी, अंगात लोकरीचं झबलं वगैरे. मला तिचा हेवा वाटला हे कबूल करायला लाज कसली? मला कधी कुणी झबलं घातलं नव्हतं. पण मी स्टुडिओत निघाले होते, तेव्हा नाक वर करूनच घराबाहेर पडले.

तिथे गेल्यावर कळलं, की नुसतं अंगावर पाय पडणं आणि चालणं यात फार फरक आहे. आई मला अर्धी भरायची, तेही कोमट पाण्याने. गार पाण्याने माझं रबर आखडतं आणि आवाज कोरडा पडतो. मग थोडी हवा आत राहू द्यायची आणि बूच आवळायचं. एका हाताने मानेशी, दुसऱ्या हाताने बुडाशी धरून ओल्या चामड्याच्या तुकड्यावर मला टेकवायची. हवा जास्त ठेवली की डबक्या खुशीत. हवा कमी केली की तो उदास. आनंद अनावर झाला की डबक्या दोन उड्या मारतो, आठवतं ना? त्या उड्या म्हणजे मला झटकन दोनदा उचलून टेकवायचं. आई आधी चित्र पुन्हा पुन्हा बघून चाल पाठ करायची आणि मग डोळे मिटून एकदा नुसती ऐकायची. "डोळे उघडे असले की कान आळशी होतात," ती म्हणायची. सराव जमला, की डोळे उघडून पडद्याबरोबर खरं रेकॉर्डिंग.

पहिला भाग आला आणि काय सांगू! शाळांच्या मैदानात मुलं फताडी पावलं टाकत तोंडाने "फसक् फुसुक्" करत हिंडायला लागली. टिकलीने वर्गात सांगून टाकलं, "डबक्या आमच्या न्हाणीघरात खिळ्याला उलटा टांगलेला असतो." काही मुलं रडली. बाईंनी घरी चिठ्ठी पाठवली. शेवटी आई मला घेऊन वर्गात गेली, सगळ्यांना डोळे मिटायला लावले आणि टेबलावरून डबक्याला चालवलं. त्या दिवशी प्रत्येक मुलाने मला एकेकदा दाबलं. माझ्या अंगाची दमणूक झाली, पण तशी दमणूक पुन्हा व्हावी असं वाटायचं.

मग दुसरा भाग आला, तिसरा आला. दर खेपेला डबक्याला नवं पाणी सापडायचं आणि दर खेपेला ते त्याचं नसायचं. कारंजं निघायचं, हौद निघायचा. चौथ्याच्या वेळी माझ्या मानेशी चीर पडली. आईने मला सायकलवाल्याकडे नेलं. त्याने घासून, डिंक लावून, ट्यूबला लावतो तसं ठिगळ मारलं. पाणी थांबलं, पण माझ्या आवाजात एक बारीकशी शीळ शिरली. काका कपाळाला हात लावून बसले. दिग्दर्शकाने मात्र दोन दिवस विचार केला आणि गोष्टीतच बदल केला. म्हणून चौथ्या भागात डबक्याला सर्दी झाली आहे. त्या सर्दीवर मोठमोठ्या माणसांनी लेख लिहिले, हळवेपणा काय नि वाढतं वय काय. सायकलवाल्याचं नाव कुणी घेतलं नाही.

या सगळ्या काळात डबक्या होता तेवढाच राहिला. टिकली मात्र झपाट्याने वाढत गेली. दर भागाच्या वेळी तिचा कोट आखूड व्हायचा. लहान होती तेव्हा ती मला घेऊन घरभर डबक्या चालवायची, आईची नक्कल करत डोळे गच्च मिटून. मोठी झाल्यावर ती खोलीचं दार लावून अभ्यास करायला लागली. पण मधूनच न्हाणीघरात यायची, कुणी बघत नाही ना ते बघायची आणि मला खिळ्यावरच एकदा दाबून जायची. मग ती जहाजं बांधायचं शिकायला निघाली. ते कॉलेज दूर, समुद्रकाठच्या एका शहरात होतं. तिला तिथे जागा मिळाल्याचं कळलं, तेव्हा आईने तिला मिठी मारली, शेजारीपाजारी सांगून आली आणि मग न्हाणीघरात येऊन नळ सोडून रडली. मला सगळं दिसत होतं, मी समोरच टांगलेली होते.

आणि नेमका त्याच सुमारास शेवटचा भाग आला. डबक्याला शेवटी त्याचं पाणी सापडतं. मोठं तळं, आणि त्यात त्याच्यासारखेच पुष्कळ प्राणी. त्याला तिथे राहायचं आहे. छत्रीवालीला राहता येत नाही. सगळ्यात शेवटच्या प्रसंगात ती काठावर उभी राहते आणि तो चालत जातो, तळ्याकाठच्या उंच गवतात शिरतो, दिसेनासा होतो. पडदा काळा होतो. बस. एवढंच चालणं होतं, पण अकरा-बारा वर्षांची मुलांची माया त्यात यायची होती.

आईला ते जमेना.

सकाळपासून ती करत होती. पाणी बदललं, हवा कमीजास्त केली, चामडं बदललं. माझ्याकडून काही कसूर नव्हती, हे मी शपथेवर सांगते. पण तिच्या हातून पावलं जडच पडायची. प्रत्येक पावलानंतर तिचे हात मला उचलायलाच तयार नसायचे.

दिग्दर्शक काचेपलीकडून आत आला. तो तसा मऊ माणूस. "ताई," तो म्हणाला, "हा घरी चाललाय हो. इतकी वर्षं शोधत होता ते मिळालंय त्याला. मग हा असा पाय ओढत का चाललाय?"

"मग काय नाचत जाईल?" आई फिस्कारली. "ती पोरगी मागे उभी आहे त्याची!"

काकांनी हेडफोन काढून पुसायला घेतले. काही बोलायचं नसलं की ते हेडफोन पुसत.

संध्याकाळी टिकली स्टुडिओत आली. दोघींनी मिळून तिच्यासाठी मोठी बॅग घ्यायला जायचं ठरलं होतं. ती काकांच्या शेजारी बसून राहिली. आईने आणखी एकदा केलं, आणखी एकदा बिनसलं. आईने मला खाली ठेवलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. टिकली काचेचं दार ढकलून आत आली.

"आई, एक सांगू? रागावणार नाहीस ना?"

"बोल."

"तू छत्रीवालीच्या बाजूने चालतेयस."

आईने मान वर केली.

"म्हणजे, तू काठावर उभी राहून त्याला जाताना बघतेयस," टिकली म्हणाली. "पण तो तिकडे बघतोय ना! त्याला पाणी दिसतंय समोर."

   तिने मला उचललं आणि टिकलीच्या हातात दिलं.

"तूच कर. मी पाणी पिऊन येते," ती म्हणाली आणि पदराचं टोक तोंडाशी धरून बाहेर गेली. तिला तहान लागलेली नव्हती, हे काकांनाही कळलं.

टिकलीने माझं बूच सैल केलं, थोडी हवा आत घेतली, पुन्हा आवळलं. हात गार होते तिचे. तिने चित्र तीन-चारदा पाहिलं, मान डोलावून चाल मनात बसवली आणि काकांना खूण केली. रेकॉर्डिंगचा दिवा लागला. पडद्यावर डबक्या निघाला आणि आम्ही निघालो. काय चालले मी, मित्रांनो! आधी दोन पावलं सावध. मग एक थांबलं, वळून बघावं तसं. आणि मग भरभर, भरभर, फसक् फुसुक्, फसक् फुसुक्, उतारावरून खाली येताना मुलं पळतात ना, तशी. दुःख नव्हतं असं नाही. पण ते पावलांना अडवत नव्हतं.

आता चूक कुठे झाली ते ऐका. टिकलीला सवय लहानपणची, मला हातात घेतलं की डोळे गच्च मिटायची. आई डोळे मिटायची ते सरावाला. खऱ्या रेकॉर्डिंगला तिची नजर पडद्यावरून ढळत नसे. हा फरक टिकलीला कुणी कधी सांगितलाच नव्हता. पडद्यावर डबक्या गवतात शिरला, दिसेनासा झाला, पडदा काळा झाला. चित्र संपलं. टिकली आपली चालतेच आहे! काळ्या पडद्यासमोर, डोळे मिटून, आणखी पाच-सहा पावलं, आणि मग झटकन दोन उड्या. फसक्! फुसुक्! काकांनी थांबवायला हात वर केला होता. दिग्दर्शकाने तो हात मनगटाशी पकडून खाली धरून ठेवला होता.

टिकलीने डोळे उघडले आणि जीभ चावली. "अय्या! संपलं होतं? सॉरी काका, शेवटचं ते कापून टाका."

"बरं," काका म्हणाले आणि हेडफोन पुसायला लागले.

आई आत आली तेव्हा त्यांनी तिला गवतापर्यंतचंच ऐकवलं. आईने डोळे मिटून ऐकलं, मान डोलावली. "हेच," एवढंच म्हणाली. मग दोघी मायलेकी बॅग घ्यायला गेल्या. मी ओल्या चामड्यावर पडून होते. माझं काम संपलं होतं.

काही दिवसांनी टिकली गेली. निळ्या पिशवीत कुणीतरी उकळतं पाणी ओतल्यामुळे ती बुडाशी फाटली होती, झबलं काही कामाला आलं नाही. त्यामुळे मी पुन्हा आजोबांच्या कंबरेला आले. मला त्याचं वाईट वाटलं नाही. आजोबांची कंबर म्हणजे माझं माहेरच.

आईचं मात्र काही खरं नव्हतं. ती तीन माणसांचा स्वयंपाक करायची आणि मग चिडायची. टिकलीचा फोन आला की "मजेत आहे ना गं?" विचारायची आणि उत्तर ऐकायच्या आधी "जेवलीस का?" विचारायची. पावसाळा गेला, थंडी आली आणि शेवटचा भाग चित्रपटगृहात लागला. जिकडेतिकडे डबक्याची पाठमोरी चित्रं झळकली. दिग्दर्शकाने बोलावलं, काकांनी बोलावलं. आई कुणाचंही ऐकेना. "मला माहीत आहे काय होतं ते," म्हणायची. एकदा आजोबांनी खोदून खोदून विचारलं, तेव्हा खरं बोलली. "बाबा, तो भाग मी बघितला ना, की ती गेली."

"ती केव्हाच गेलीय," आजोबा म्हणाले. "बघायचं तू राहिलीयस."

 दुसऱ्या दिवशी आजोबांनी स्वतःच दुपारच्या खेळाची तिकिटं आणली. वर म्हणाले, "आता तू आली नाहीस तर मला एकट्याला जावं लागेल, आणि या कंबरेने मी त्या जिन्यावरून पडेन." ही धमकी चालली. मला गरम पाण्याने भरून, टॉवेलात गुंडाळून बरोबर घेतलं, खुर्चीत आजोबांच्या पाठीशी ठेवायला. माझ्या आवाजाने एवढी चित्रपटगृहं भरली होती, पण मी स्वतः कधी एकातही पाऊल ठेवलं नव्हतं.

आत मुलांचा नुसता कालवा होता. पॉपकॉर्नच्या पुड्या, सांडलेलं सरबत, आयांची "खाली बस" ची हाकाटी. दिवे मंद झाले, क्षणभर सगळं शांत झालं, आणि आजोबा नेमके त्याच क्षणी मागे रेलले. "फसक्!" मी म्हणाले. पुढच्या रांगेतली एक चिमुरडी ताडकन वळली. "आई, डबक्या मागे बसलाय!" आजोबांनी गंभीर चेहरा करून छताकडे पाहिलं. आईला इतक्या दिवसांत पहिल्यांदा फिसकन हसू आलं.

चित्रपट सुरू झाला. मी स्वतःला ऐकलं, मित्रांनो! पडद्यावर तो शेवाळी गोळा चालत होता आणि चारी भिंतींतून मी बोलत होते. घसरले तेव्हा सगळं थिएटर हसलं. मुलं पावलांबरोबर पाय आपटत होती. माझ्यातलं पाणी डुचमळत होतं ते आनंदानेच. कशाची लाज बाळगू?

मग तो शेवटचा प्रसंग आला. छत्रीवाली काठावर उभी राहिली आणि थिएटरमधून नाकं ओढल्याचे आवाज यायला लागले. डबक्या निघाला. दोन पावलं, थांबला, वळला. मग भरभर गेला. गवतात शिरला. दिसेनासा झाला. पडदा काळा झाला.

तुम्ही कधी एवढी मुलं एकदम रडताना ऐकली आहेत? पुढची चिमुरडी तर हंबरडा फोडून "तो गेला, तो गेला" म्हणत होती. आजोबा बाहीने डोळे पुसत होते. दर भागाला ते झोपायचे, आज जागे होते. आई डोळे मिटून, ओठ घट्ट दाबून बसली होती. तिच्या दृष्टीने आता सगळं संपलं होतं.

आणि त्या काळोखातून आवाज आला. फसक् फुसुक्. फसक् फुसुक्. दूर, बारीक, पण भराभर. मुलांचं रडणं मध्येच थांबलं. पावलं क्षणभर थबकली. आणि मग, झटकन, दोन उड्या.

मित्रांनो, ते थिएटर जे उसळलं! गालांवर पाणी तसंच, आणि मुलं खिदळतायत, खुर्च्यांवर उभी राहून टाळ्या पिटतायत. चिमुरडी ओरडली, "पोचला! पोचला तो!" कुणाचा तरी बाबा रुमालात नाक शिंकरत मोठमोठ्याने हसत होता. आईने डोळे उघडले होते. ती पडद्याकडे बघत नव्हती, तिथे बघण्यासारखं काही नव्हतंच. ती कान देऊन होती. तिला कुणी सांगायची गरज नव्हती, ते हात तिने ओळखले होते.

थिएटरच्या पायऱ्यांवर येईपर्यंत तिचा फोन वाजला. टिकली मैत्रिणींबरोबर तिकडच्या थिएटरात तोच खेळ बघून बाहेर पडली होती. "आई! त्यांनी कापलंच नाही ते! मी सांगितलं होतं कापा म्हणून! इथे सगळे ओरडत होते, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं!"

"अगं पण का मारल्यास त्या उड्या?" आईने विचारलं. ती हसत होती की रडत होती ते मलाही सांगता येणार नाही.

"मला कळलंच नाही गं संपलं ते. डोळे मिटले होते मी. मला वाटलं, तो चालतोच आहे," टिकली म्हणाली. "आणि एवढं चालल्यावर पाणी आलंच असणार ना त्याला."

आई पायरीवर खालीच बसली. भोवतीने मुलं फताडी पावलं टाकत उतरत होती. "आलं का गं?" तिने अगदी हळू विचारलं.

"आलं, आई," टिकली म्हणाली. "खूप मजा येतेय मला इथे. तू विचारतेस रोज, पण मला सांगूच देत नाहीस."

"सांग की मग," आई म्हणाली. ती पदर सावरून ऐसपैस बसली, आणि या खेपेला जेवलीस का म्हणून तिने विचारलं नाही. टिकली बोलत राहिली. खोलीबद्दल, जहाजांबद्दल, तिच्या खुळ्या मैत्रिणींबद्दल. आई ऐकत राहिली. आजोबा मला काखेत धरून शेजारी उभे होते आणि मी गार होत चालले होते, पण त्यांनी घाई केली नाही.

आता माझं रबर तडकायला लागलंय. फार दिवस उरले नाहीत, आणि त्याची मला खंत नाही. जाता जाता एवढंच मागते, मित्रांनो. तुमच्या घरातून कुणी दूर निघालं, मोठी ताई असो, दादा असो, शेजारचा सवंगडी असो, तर दारात उभं राहून रडा, खुशाल रडा. पण रडता रडता त्यांच्या पावलांकडे थोडा कान द्या. आणि ती ऐकू येईनाशी झाली, म्हणून लगेच आत जाऊन दार लावून घेऊ नका.